घोळणा फुटलेले मूल आणि तपासणीची तयारी : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

लहान मुलाच्या नाकातून एकाएकी रक्त येऊ लागणे ही घटना मराठी घरांना अपरिचित नाही. तिला 'घोळणा फुटणे' असे खास मराठी नाव आहे. वैशाखातील दुपार, शाळेचे मैदान किंवा झोपेतून उठल्यावर उशीवर दिसलेला डाग अशा रीतीने ही घटना घरात प्रवेश करते. बहुतेक वेळा ती दहा-पंधरा मिनिटांत संपते. परंतु ती वारंवार घडू लागली की आईवडील मुलाला डॉक्टरांकडे न्यायचे ठरवतात, आणि येथूनच एका वेगळ्या प्रक्रियेला आरंभ होतो. मुलाला काय सांगायचे, काय लपवायचे, डॉक्टरांना काय सांगायचे, सोबत कोणी जायचे, हे सारे घरात ठरते. या सर्व गोष्टींना प्रस्तुत लेखात 'तपासणीची तयारी' असे संबोधले आहे.

वैद्यकाच्या इतिहासात साथी, रुग्णालये, कायदे व नामवंत डॉक्टर यांना स्थान मिळाले. परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत मूल कसे पोहोचले, याची नोंद क्वचितच आढळते. केसपेपरवर मुलाचे नाव, वय व तक्रार लिहिलेली असते. आदल्या रात्री आईने त्याला काय सांगितले, हे लिहिलेले नसते. ही तयारी प्रायः घरातील स्त्रियांनी केली आणि ती तोंडी राहिली, म्हणून ती इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिली. ही उणीव केवळ अभ्यासाची नाही, तिचा परिणाम मुलाच्या प्रकृतीवर होऊ शकतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती :

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) घोळणा फुटण्याविषयीच्या पारंपरिक ज्ञानाचे स्वरूप तपासणे.
२) मुंबई व उपनगरांतील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या वाटचालीत 'मूल' हा घटक कसा हाताळला गेला, हे पाहणे.
३) मुलाला तपासणीसाठी तयार करण्याच्या आजच्या पद्धतीचा या इतिहासाशी संबंध जोडणे.

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली व मुलुंड या उपनगरांपुरती चर्चा प्रामुख्याने मर्यादित ठेवली आहे. आयुर्वेदीय संहिता, सार्वजनिक नोंदीतील घटना व कायदे आणि लेखिकेचा स्वतःचा कौटुंबिक अनुभव हा या विवेचनाचा आधार आहे.

१. घराची भाषा : उष्णता, दूर्वा आणि कांदा

घोळणा फुटला की मराठी घरात पहिले निदान 'उष्णता झाली' असे होते. टाळूवर थंड पाण्याची पट्टी, हुंगायला फोडलेला कांदा, नाकात दूर्वांच्या रसाचे थेंब, आणि पुढील आठवडाभर गुलकंद, सब्जा, कोकम सरबत असा उपचारक्रम अनेक घरांत चालत आला. आंबा, शेंगदाणे, गूळ इत्यादी 'उष्ण' पदार्थ काही दिवस वर्ज्य होत. आजीबाईच्या बटव्यातील हे ज्ञान निराधार गावगप्पा नव्हते. त्यामागे शास्त्रपरंपरा होती.

आयुर्वेदात शरीराच्या निरनिराळ्या मार्गांनी होणाऱ्या रक्तस्रावास 'रक्तपित्त' अशी संज्ञा आहे. नाक, तोंड, डोळे व कान यांतून होणारा स्राव 'ऊर्ध्वग' प्रकारात मोडतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौथा अध्याय संपूर्णपणे या व्याधीला वाहिलेला आहे. नाकातून रक्त येत असता दूर्वांचा रस, डाळिंबाच्या फुलांचा रस व कांद्याचा रस यांचे नस्य तेथे सांगितले आहे. म्हणजे घाटकोपरच्या चाळीतील आजी जे करीत होती त्याचा उगम संहितेत सापडतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन व दहन. तुरट द्रव्यांनी जखम सांधणे, थंडाव्याने रक्त गोठविणे, भस्माने व्रण पक्व करणे आणि डाग देऊन शिरा आकुंचित करणे, असे त्यांचे स्थूलमानाने वर्णन करता येईल. आजचा कान-नाक-घसा तज्ज्ञ वारंवार फुटणाऱ्या रक्तवाहिनीला सिल्व्हर नायट्रेटने जो डाग देतो, त्याचे द्रव्य निराळे असले तरी विचाराची दिशा दहनाशी जुळणारी आहे.

तथापि परंपरेतील प्रत्येक गोष्ट हितकर होती, असे म्हणता येणार नाही. 'मान मागे टाक' हा घरोघरी ऐकू येणारा आदेश याचे ठळक उदाहरण होय. मान मागे टाकली की रक्त बाहेर दिसेनासे होते, पण ते थांबत नाही. ते घशातून पोटात जाते, मुलाला मळमळते, उलटी होते, आणि उलटीतील रक्त पाहून सारे घर घाबरते. आधुनिक वैद्यकाची शिफारस नेमकी उलट आहे. मुलाला बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून किमान दहा मिनिटे न सोडता दाबावा, तोंडाने श्वास घेऊ द्यावा आणि तोंडात आलेले रक्त थुंकू द्यावे. या साध्या कृतीमागे शरीररचनेचे कारण आहे. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. अमेरिकी शल्यविशारद जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये आणि जर्मन वैद्य विल्हेल्म किसेलबाख यांनी १८८४ मध्ये या जागेकडे लक्ष वेधले. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत ती आजही 'लिटल्स एरिया' म्हणून शिकवली जाते. मुलांचा घोळणा बहुधा येथेच फुटतो. नाकात बोट घालणे, सर्दी वा ॲलर्जीने आलेला दाह, कोरडी हवा व किरकोळ मार ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

घराच्या या भाषेत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्यात 'उष्णता' होती, ऋतू होता, आहार होता. परंतु 'तुला काय होतंय?' हा प्रश्न फारसा नव्हता. मूल उपचाराचा विषय होते, संवादाचा नव्हे.

२. सरकारी वैद्यक आणि मुलाच्या मनातील भय

घरातील उपचार संपून सरकारी वैद्यक सुरू होते तेथे मुंबईतील मुलांचा इतिहास एका तीन वर्षांच्या मुलीपासून सुरू होतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतात यशस्वीरीत्या लस टोचली गेलेली ती पहिली व्यक्ती होय. तिच्या हातावरील फोडांतील द्रव्य पुढे इतरांना देण्यात आले आणि लस देशभर पसरली. एका बालकाच्या शरीराचे उपखंडाच्या आरोग्येतिहासातील हे स्थान असाधारण आहे. परंतु आपल्या इतिहासलेखनात ती मुलगी एका तारखेपुरतीच उरली आहे. लस टोचण्यापूर्वी तिची समजूत कोणी व कशी काढली, हा प्रश्न इतिहासकाराला सहसा पडत नाही.

पुढे १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. या सक्तीने असंख्य मुलांचे प्राण वाचले, हे निर्विवाद आहे. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे घोषित झाले त्यामागे या दीर्घ प्रयत्नांचा मोठा वाटा आहे. परंतु सक्तीबरोबर भीतीही आली. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा या भीतीने उग्र रूप धारण केले. घरांची झडती, संशयित रुग्णांना वेगळे काढणे व रुग्णालयात हलविणे या उपायांनी शहर हादरले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालय म्हणजे माणूस परत न येण्याची जागा, ही समजूत त्या काळात दृढ झाली. हजारो लोक शहर सोडून गेले.

'गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य न ऐकलेले मराठी मूल विरळाच. बागुलबुवाच्या शेजारी डॉक्टरला नेऊन बसवणाऱ्या या धमकीचा उगम एका घटनेत शोधणे धाडसाचे ठरेल. मात्र ज्या समाजाने वैद्यकाला दीर्घकाळ सक्ती, झडती व विलगीकरण या रूपांत पाहिले, त्या समाजाच्या बोलीत असे वाक्य रुजावे यात नवल नाही. सक्तीचा काळ संपला, कायदे बदलले, पण धमकी घराघरांत शिल्लक राहिली. मुलाला तपासणीसाठी तयार करताना आजचे पालक नकळत हा वारसा सोबत घेऊन जातात.

३. उपनगरातून परळकडे

आज मुंबई उपनगर म्हणून ओळखला जाणारा बराचसा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्यातील साष्टीचा भाग होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८६७ मध्ये विरार ते बॅकबे अशी रेल्वे सुरू झाल्याने साष्टीतील गावे शहराशी जोडली गेली. १९२० मध्ये स्वतंत्र मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. वस्ती वाढत गेली. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत समाविष्ट झाले.

माणसे उपनगरात आली तरी विशेषज्ञांचे वैद्यक दीर्घकाळ शहरातच राहिले. त्यातही परळ हे त्याचे केंद्र ठरले. केईएम रुग्णालय १९२६ मध्ये व मुलांसाठीचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ मध्ये परळला सुरू झाले. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगट' जगासमोर आणला. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले, आणि त्यातूनच केईएमच्या आवारातील आजची राष्ट्रीय रक्तप्रतिरक्षाविज्ञान संस्था विकसित झाली. रक्त न गोठण्याच्या विकारांचे सूक्ष्म निदान ज्या थोड्या ठिकाणी होऊ शकत असे, त्यांत परळचे स्थान अग्रणी होते. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालयही दीर्घकाळ मुंबईतच होते.

कालांतराने उपनगरांना महापालिकेची स्वतःची रुग्णालये लाभली. अंधेरी-विलेपार्ले भागासाठी कूपर, घाटकोपरला राजावाडी, बोरिवलीला भगवती व मुलुंडला अगरवाल ही नावे तेथील रहिवाशांच्या तोंडी रुळली आहेत. साधा घोळणा फुटलेल्या मुलाची तपासणी आता घराजवळ होऊ शकते. परंतु रक्तस्राव वारंवार होत असेल, हिरड्यांतूनही रक्त येत असेल किंवा मार न लागता अंगावर निळे डाग पडत असतील, तर अनेक कुटुंबांची वाट आजही परळकडेच वळते.

या प्रवासाचा मुलाच्या दृष्टीने विचार केला म्हणजे 'तयारी' या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. पहाटे उठून, उपाशी वा अर्धपोटी, गर्दीच्या लोकलमधून आईचा हात धरून केलेला प्रवास, केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग, बाकावरची प्रतीक्षा, शेजारी रडणारी अनोळखी मुले, आणि शेवटी दोन-तीन मिनिटांची तपासणी. डॉक्टरांसमोर मूल पोहोचते तेव्हा ते थकलेले व घाबरलेले असते. डॉक्टर आईला विचारतात, आई उत्तरे देते. केसपेपरवर 'एपिस्टॅक्सिस' असा ग्रीक मुळाचा शब्द उमटतो. घरातील 'उष्णता' आणि खिडकीपलीकडचा 'एपिस्टॅक्सिस' या दोन भाषांच्या मध्ये मुलाचे स्वतःचे सांगणे राहून जाते.

४. मुलाचे सांगणे : एक विस्मृत परंपरा व तिचे पुनरागमन

मुलाच्या सांगण्याला वैद्यकात स्थान असावे, ही कल्पना केवळ पाश्चात्त्य व आधुनिक आहे असे समजणे चुकीचे ठरेल. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी 'कौमारभृत्य' हे एक अंग आहे. त्यातील प्रमुख ग्रंथ 'काश्यपसंहिता' नेपाळात मिळालेल्या खंडित पोथीवरून संपादित होऊन १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्याच्या सूत्रस्थानात 'वेदनाध्याय' नावाचा अध्याय आहे. ज्याला बोलता येत नाही अशा बालकाचे दुखणे कसे ओळखावे, हा त्याचा विषय. मूल डोके हलवू लागले, डोळे मिटू लागले तर डोके दुखत असावे. हातांनी कानांना स्पर्श करू लागले तर कानात वेदना असावी. अशा रीतीने हालचाली हीच मुलाची भाषा मानून ती वाचण्याचा प्रयत्न तेथे केला आहे. न बोलणाऱ्या मुलाचेही सांगणे असते, ही या अध्यायाची भूमिका आजही महत्त्वाची वाटते.

विसाव्या शतकात हा विचार निराळ्या मार्गाने पुढे आला. १९५२ मध्ये ब्रिटनमधील जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट तयार केला. त्या काळी तेथील रुग्णालयांत पालकांच्या भेटीवर कडक निर्बंध असत. आईपासून दूर राहिलेल्या मुलीचे मिटून जाणे त्या चित्रणातून लोकांसमोर आले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना मुक्त भेटीची मुभा व लहान मुलांसोबत आईला राहता यावे अशा शिफारशी केल्या. मुलाला रुग्णालयात आणण्यापूर्वी त्याच्या मनाची तयारी करावी, हा विचार याच काळात मान्यता पावू लागला.

महाराष्ट्रात या सुमारास मुलांविषयीचा नवा विचार बालशिक्षणाच्या क्षेत्रात फुलत होता. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या कार्याला आरंभ केला. १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालवाडी व अंगणवाडीचे प्रयोग केले. स्वच्छता हा या बालवाडीच्या दिनक्रमाचा भाग होता आणि ती धाकाने नव्हे तर खेळ व गाणी यांतून साधली जावी, असा आग्रह होता. वाढलेली नखे हे घोळणा फुटण्याचे एक सामान्य कारण आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे बालवाडीतील या शांत कामाचे आरोग्यविषयक मोल कळते. मात्र बालवाडीने मुलाला दिलेला मान रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत पुरेसा पोहोचला नाही. शिक्षण व वैद्यक या दोन क्षेत्रांनी एकाच मुलाकडे दोन निराळ्या दृष्टींनी पाहिले.

१९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील बाराव्या कलमाने, स्वतःशी संबंधित बाबींत मत व्यक्त करण्याचा मुलाचा हक्क मान्य केला. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला आणि मुलांची तपासणी अंगणवाडी व शाळेपर्यंत नेण्याचे धोरण आखले गेले. तपासणी मुलाच्या दारी आली, परंतु तपासणीपूर्वीचा संवाद अजूनही बव्हंशी पालकांवरच सोपवलेला आहे.

५. तपासणीची तयारी : तीन भाषांचे भाषांतर

येथे एक वैयक्तिक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. १९९० च्या दशकात बोरिवलीत शिकत असताना प्रस्तुत लेखिकेचा घोळणा वारंवार फुटत असे. एका दवाखान्यात कोणतीही कल्पना न देता, दोघांनी धरून नाकात औषधाचा बोळा घालण्यात आला होता. त्यानंतर शाळेत रक्त आले की ते रुमालाने पुसून रुमाल दप्तराच्या तळाशी दडवायचा, असा क्रम कित्येक महिने चालला. आईला ते रुमाल सापडले तेव्हा ती रागावली नाही. तिने एका जुन्या वहीत तारखा लिहायला शिकवले आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ती वही लेखिकेच्याच हातात दिली. डॉक्टरांनी ती वाचली व प्रश्न थेट मुलीला विचारले. दुखणे गंभीर नव्हते, पण दडवण्याची सवय गंभीर होती.

घाबरलेले मूल लक्षण लपवते, हा या प्रसंगाचा बोध आहे. शंभरातील बहुतांश मुलांच्या बाबतीत अशा लपवण्याने मोठी हानी होणार नाही. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत घोळणा फुटणे हे हिमोफिलिया, व्हॉन विलेब्रांड विकार किंवा बिंबिकांच्या दोषाचे पहिले दृश्य चिन्ह असू शकते. 'हिमोफिलिया ए' हा विकार सुमारे पाच हजार पुरुष-जन्मांत एकाला आढळतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. अशा मुलाने भीतीपोटी रक्त लपवले तर निदानाचा मौल्यवान काळ निघून जातो. म्हणून मुलाची मानसिक तयारी ही सौजन्याची बाब नसून निदानाचा भाग आहे.

या दृष्टीने तयारीचे स्वरूप पुढीलप्रमाणे मांडता येईल.

अ) नोंद : घोळणा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या नाकपुडीतून फुटला, किती मिनिटांत थांबला, त्यापूर्वी मूल काय करत होते, हे लिहून ठेवावे. हिरड्यांतून रक्त, अंगावर डाग, दात पडल्यावर वा खरचटल्यावर लवकर न थांबणारे रक्त यांचीही नोंद असावी. आईच्या माहेरी व वडिलांच्या घरी कोणाला असा त्रास होता का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. हिमोफिलिया बहुधा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून आजोळची माहिती विशेष महत्त्वाची. येथे आजीची स्मरणशक्ती कोणत्याही यंत्राइतकीच उपयोगी ठरते. चालू असलेली सर्व औषधे, नाकातील फवारे व घरगुती काढेसुद्धा डॉक्टरांना सांगावेत. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेनसारखी औषधे रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून ती सल्ल्यावाचून देऊ नयेत. 'उष्णता झाली होती' एवढेच सांगण्याऐवजी 'दुपारी मैदानावरून आल्यावर' असे सांगितले की घराची भाषा डॉक्टरांच्या उपयोगाची होते.

आ) सत्यकथन : 'डॉक्टर काहीच करणार नाहीत' हे आश्वासन बहुतेक वेळा खोटे ठरते, आणि खोटे ठरले की पुढील प्रत्येक तपासणी कठीण होते. लहान मुलाला आदल्या दिवशी व थोड्या मोठ्या मुलाला दोन-तीन दिवस आधी, त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. डॉक्टर कपाळावर दिवा लावतील, नाकात उजेड पाडून पाहतील, कदाचित एक लहानसा चिमटा नाकपुडी उघडायला लावतील. रक्त तपासायचे ठरले तर सुई टोचेल, क्षणभर दुखेल, मग थांबेल. दुखेल तेव्हा रडले तरी चालेल, पण हात हलवू नये. 'शूर मुले रडत नाहीत' हे वाक्य शक्यतो टाळावे, कारण तेही लपवायलाच शिकवते.

इ) खेळ : बाहुलीचे नाक तपासणे, बॅटरीच्या उजेडात एकमेकांची नाकपुडी पाहणे, डॉक्टर-डॉक्टर खेळताना मुलालाच डॉक्टर करणे, या साध्या गोष्टींनी अनोळखी प्रसंग ओळखीचा होतो. भातुकलीत संसार शिकणाऱ्या मुलांना हा मार्ग नवा नाही.

ई) मुलाचा वाटा : नाक कसे दाबायचे, हे मुलाने स्वतः शिकावे व डॉक्टरांना करून दाखवावे. दोन प्रश्नांची उत्तरे तरी त्यानेच द्यावीत, असे आधी ठरवावे. आईने मध्ये न बोलता थांबणे ही या तयारीतील सर्वांत कठीण पायरी आहे.

उ) दिवसाची व्यवस्था : प्रतीक्षा लांबते हे गृहीत धरून पाण्याची बाटली, खाऊ, रुमाल, आवडते पुस्तक व जुने केसपेपर पिशवीत असावेत. उपाशी यायचे की नाही, हे आधी विचारून घ्यावे, विनाकारण उपाशी ठेवू नये. नखे आदल्या दिवशी कापावीत. नाकातील खपली काढून नाक 'स्वच्छ' करण्याचा मोह टाळावा.

काही परिस्थितींत मात्र तयारीला वेळ नसतो. वीस ते तीस मिनिटे नाक दाबूनही रक्त न थांबणे, डोक्याला मार लागल्यानंतरचा रक्तस्राव, मूल फिकट वा सुस्त पडणे, दोन वर्षांखालील बाळाच्या नाकातून रक्त येणे, किंवा नाकात बटन-सेल अडकल्याची शंका असणे, अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. बटन-सेल काही तासांत नाकाचा पडदा जाळू शकतो. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव व रक्त येत असेल तर मण्यासारखी वा चिंचोक्यासारखी एखादी वस्तू आत असण्याचा संभव असतो. अशा वेळीही मुलाला रागावले तर ते खरे सांगत नाही, हे लक्षात ठेवावे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घोळणा फुटण्याविषयीच्या घरगुती ज्ञानाला संहितांचा आधार होता. त्यातील काही भाग आजही विचारार्ह आहे, तर मान मागे टाकण्यासारखा भाग सोडून देणे आवश्यक आहे.

२) मुंबईतील सार्वजनिक वैद्यकाने बालकांचे प्राण वाचवले, परंतु सक्तीच्या मार्गाने आलेल्या भीतीचे अवशेष कौटुंबिक बोलीत टिकून राहिले.

३) उपनगरे वाढली, रुग्णालये जवळ आली, तरी घर, केसपेपर व मूल या तीन भाषांमधील अंतर आपोआप कमी झाले नाही. ते कमी करण्याचे काम आया, आज्या, मावश्या व आत्यांनी केले आणि ते अलिखित राहिले.

४) काश्यपसंहितेतील वेदनाध्याय, बालवाडीची चळवळ व बालहक्क संहिता यांत एक समान सूत्र आहे : मुलाचे सांगणे ऐकण्याजोगे असते. तपासणीची तयारी म्हणजे या सूत्राचे दैनंदिन आचरण होय.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी आपापल्या परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून बालआजारांच्या आठवणी संकलित केल्या तर आरोग्याच्या इतिहासाचे एक मोठे दालन उघडेल. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी असा विषय सहज देता येईल. जुने केसपेपर काळाच्या ओघात नष्ट होतात. तारखा लिहिलेली ती जुनी वही मात्र अद्याप काही घरांच्या कपाटात असेल. ती रद्दीत जाण्यापूर्वी वाचली गेली पाहिजे.